दाढेतलं पाणी

"माणूस खोटं बोलेल, दाढ बोलणार नाही," असं माझा धाकटा भाऊ मिहीर व्याख्यानांत सांगायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी वकील. माणसांच्या खऱ्याखोट्यावरच आजवर माझं पोट भरलं, त्यामुळे दाढेला साक्षीदार करायची ही कल्पना मला पहिल्यापासून रुचली नव्हती. "आणि तिची उलटतपासणी कोण घेणार? मी की दंतवैद्य?" असं विचारलं तर म्हणाला, "ताई, धंदा बसणार म्हणून जळतेयस."

धंदा बसला नाही. उलट देवगडच्या सड्यावर, समुद्रालगतच्या कातळपठारावर, छावणी उभी राहिली आणि मला श्वास घ्यायला फुरसत मिळेना.

छावणी तुवारा बेटांवरच्या माणसांची. हिंदी महासागरातली ही बेटं नकाशात शोधायला पूर्वी भिंग लागलं असतं. दक्षिणेला मोरू हे मोठं बेट, ज्वालामुखीचं, काळ्या कातळाचं. राजधानी, सैन्य, बाजार सगळं तिथे. उत्तरेला पोवळ्याची चिमुकली, सखल बेटं. त्यांना आम्ही छावणीवाले चुनबेटं म्हणायचो. समुद्र चढत गेला तशा चुनबेटांवरच्या विहिरी खारट झाल्या आणि सगळी माणसं एका गोड्या पाण्याच्या प्रकल्पावर जगू लागली. मग त्यांनी वेगळं सरकार मागितलं आणि मोरूच्या विमानांनी तो प्रकल्पच उडवला. नागरिकांचं पिण्याचं पाणी तोडणं हे युद्धाचं हत्यार होऊ शकत नाही, असं आंतरराष्ट्रीय कायदा सांगतो. सांगतो बिचारा. बोटी वाहत वाहत आमच्या किनाऱ्याला लागल्या तेव्हा त्यांतल्या निम्म्या माणसांचे ओठ मिठाने फुटलेले होते.

तोवर आपल्या देशाने स्वतःचा निर्वासित कायदा केला होता. त्याचा गाभा एकच: जिथे जिवाला धोका आहे तिथे कुणालाही परत ढकलायचं नाही. चुनबेटांच्या माणसाला संरक्षण. मोरूच्या माणसाला मात्र नाही, कारण तिथलं सरकार त्याचंच. शिवाय बोटींतून मोरूचे हेर घुसतात अशी बोलवा होती. आता दोघांची भाषा एक, चेहरे एक आणि कागदपत्रं समुद्राच्या तळाशी. कोण कुठला हे ठरवणार कसं? इथे मिहीरची दाढ उगवली.

मिहीर भूगर्भशास्त्रज्ञ. त्याचं म्हणणं समजायला सोपं आहे. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं एक मूलद्रव्य असतं. ते स्वभावाने कॅल्शियमसारखं, इतकं की शरीर फसतं आणि हाडादातांत कॅल्शियमच्या जागी त्यालाही बसवून घेतं. या स्ट्रॉन्शियमचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. थोडे जड, थोडे हलके. जड किती नि हलके किती, हे प्रमाण खडकागणिक बदलतं. ज्वालामुखीच्या काळ्या कातळात एक, पोवळ्याच्या चुनखडीत दुसरं. पाऊस खडकातून झिरपतो, विहिरीत येतो, विहिरीतून कंदमुळांत, भाजीत, आईच्या दुधात आणि तिथून बाळाच्या दातांत. हाड जन्मभर झिजतं आणि पुन्हा भरतं, म्हणून त्याच्यावर भरवसा नाही. दाताचं वरचं कवच मात्र एकदा घडलं की घडलं. पहिली मोठी दाढ हिरडीत असतानाच, जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत घडते. त्या वर्षांत तुम्ही कुठलं पाणी प्यालात, ते त्या दाढेत कायमचं कोंडलेलं असतं.

हे प्रमाण मोजणारं यंत्र पूर्वी खोलीभर असायचं. मिहीर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते शिलाई मशीनएवढं केलं. तोंडात एक नळी जायची, लेझरची बारीक टिचकी, दाढेवर केसाएवढा खळगा, आणि चहा निवायच्या आत उत्तर. काळा खडक की पांढरा. मासे खाणाऱ्यांच्या दातांत समुद्रही शिरत असेल त्याचं काय, असं मी विचारलं, तर त्याचीही वजावट यंत्र करतं म्हणाला. या पोराकडे सगळ्याला उत्तर असायचं. यंत्राचं नाव दंतवेध, पण छावणीत सगळे दाढमशीनच म्हणायचे. आणि खोटं कशाला बोलू, त्या मशीनने माणसं वाचवली. ज्यांच्यापाशी स्वतःच्या शब्दाशिवाय काही नव्हतं, त्यांना निर्वासित मंडळाने मान खाली घालून संरक्षण दिलं.

सेलुआची दाढ काळ्या खडकाची निघाली.

सेलुआ तिशीची होती. नवरा पाण्याच्या रांगेत उभा असताना बॉम्बने गेला होता. सोबत सात वर्षांची मुलगी, पेमो. पेमोची दाढ पांढरी, अगदी निखळ चुनबेटाची. रक्ताच्या चाचणीत दोघी मायलेकी ठरल्या होत्या, त्यात शंका नव्हती. पण कायद्याच्या लेखी मुलगी निर्वासित आणि आई मोरूची परकी. मोरूच्या माणसांना परत नेणारं परताव्याचं जहाज विजयदुर्गाहून सुटणार होतं. आईला त्यात बसवायचं. मुलीला सोबत न्यायचं की इथे ठेवायचं ते आईने ठरवायचं. मोरूवर चुनबेटाच्या माणसाचं काय करतात हे छावणीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी मोफत कायदा मदतीची वकील म्हणून तिच्यापुढे बसले. मध्ये दुभाषा जोरेम. हा चुनबेटाचाच, पण गोव्यात हॉटेलांत केस पिकवलेला, त्यामुळे मराठी-कोंकणीची खिचडी अस्खलित बोलायचा. कातळावर उन्हाचा नुसता तवा झाला होता आणि पत्र्याच्या खोलीत आम्ही सगळे त्यात भाजत होतो.

"तुझा जन्म मोरूवर झाला का?" मी विचारलं.

जोरेमने सांगायला तोंड उघडताच सेलुआने दोन्ही हातांनी पेमोचे कान झाकले. मग म्हणाली, "मी चुनबेटाची."

"लहानपणी कधी तिकडे राहिली होतीस?"

पुन्हा कान झाकले. पुन्हा तेच उत्तर. पेमो बिचारी मुकाट बसून होती, जणू कान झाकून घेणं हा घरचाच रिवाज.

मी वैतागले. "अगं बाई, मला तुझ्या बाजूने बोलायचंय! खरं नसेल सांगायचं तर निदान थाप तरी मार." हे जोरेमने भाषांतर केलंच नाही. सेलुआचे हात पेमोच्या कानांवरून हलले नाहीत. हेर असती तर तिच्यापाशी दहा गोष्टी तयार असत्या. हिच्यापाशी एकही नव्हती, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटली.

फाटकाकडे परतताना काहीतरी बोलायचं म्हणून मी जोरेमला विचारलं, "पेमो म्हणजे काय रे?"

"पहाटेचो वारो."

"छान आहे. आणि सेलुआ?"

तो अडखळला. "मासळी साफ केली की जें काय उडवतात... कचरो."

मला हसू आलं. "चांगलंय की. माझ्या बापाचं नाव धोंडू आहे."

जोरेम थांबला. "कित्याक? असलें नांव कित्याक दवरलें?"

"त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत. मग मरणाची दृष्ट पडू नये म्हणून मुलाला दगडाधोंड्याचं नाव ठेवतात आमच्याकडे."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "वकीलबाय," तो म्हणाला, "हांवें तुमकां कांयच सांगूंक ना." आणि पाठ फिरवून चालायला लागला.

जामसंड्याला घरी आले तेव्हा आमचे वडील, अप्पा, ओटीवर बसून काजू सोलत होते आणि मिहीर जेवायला बसला होता. छावणीचं काम असलं की तो आमच्याकडेच उतरायचा. मी पानावर बसता बसता सगळं सांगितलं. अप्पांनी ऐंशी ओलांडली, कानाने कमी ऐकतात. पण ऐकायचं ते बरोबर ऐकतात.

"तेचा नाव काय म्हणालंस? माशाची घाण?" त्यांनी ओटीवरून विचारलं. "मगे तेका इकलला आसतला."

"विकलेलं? म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माका नाय माझ्या आवशीन सुपभर कोंड्याक इकल्यान, शेजारच्या पार्वतीकाकीक? मरणाक वाटूक व्हया, ह्यो पोर हेंचो नाय. आनि असलोच तरी कोंड्याच्या मोलाचो."

ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जायची. अप्पांचा भाव काय तर सुपभर कोंडा, म्हणून आम्ही पोरं हसायचो. पार्वतीकाकीला अप्पा आई म्हणायचे आणि स्वतःच्या जन्मदात्या आईला, माझ्या आजीला, शेवटपर्यंत काकी. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मिहीरचा हात ताटातच थांबला होता. "ताई, म्हणजे हिला जन्मल्या जन्मल्या मोरूवर दुसऱ्या बाईकडे दिली असणार. आणि परत कधी आणली?"

"दुधाचे दात पडान नये इले, काय आणतत," अप्पा म्हणाले. "नये दात, नया माणूस. आमच्यात तसा नाय, पण आसात कोणाकोणात."

"मग सोपं आहे!" मिहीर जवळजवळ ओरडला. "नियम फक्त पहिली दाढ बघा म्हणतो. पण अक्कलदाढ घडते नवव्या-दहाव्या वर्षानंतर. तोवर ती चुनबेटावर परत आलेली असेल, तर अक्कलदाढ पांढरी निघेल. ती मोरूची नाही हे सिद्ध होईल."

"कायदा करणाऱ्यांना अक्कल नव्हती म्हणून त्यांनी अक्कलदाढ सोडली वाटतं," मी म्हटलं. त्या दुपारी आम्ही तिघं हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतर तसं हसायचा योग आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेलुआला काहीच विचारलं नाही. जोरेमला म्हटलं, "हिला सांग, मी धोंडूची मुलगी आहे. आणि धोंडू म्हणजे काय तेही सांग. मला काही विचारायचं नाही. फक्त सगळ्यात मागची दाढ बघू दे."

तिने ते ऐकलं. मग हलक्या आवाजात काहीतरी बोलली.

"दाढ बघा म्हणता," जोरेम म्हणाला. "पूण उलोवचें न्हय, बोलायचें न्हय. उलयलें की दिसता. आदीं ती दिसता, मागीर तिच्या हाताक धरून आसा तें."

"कुणाला दिसतं?"

सेलुआने हात पुढे केला आणि आपला तळवा माझ्या ओठांवर ठेवला. ही त्यांची शपथ. मी मान हलवली. तिच्या हाताला छावणीतल्या साबणाचा वास येत होता.

मिहीरने त्याच दिवशी अक्कलदाढ तपासली. पांढरी. शंकेला जागा नाही इतकी पांढरी. मी त्याला बजावून सांगितलं, "मंडळापुढे फक्त आकडे सांगायचे. कारण सांगायचं नाही. मी शब्द दिलाय."

"बरं," तो म्हणाला.

निर्वासित मंडळाचे अध्यक्ष होते निवृत्त जिल्हा न्यायाधीश कारखानीस. माणूस वाईट नव्हता. पेमोच्या भवितव्याचाही प्रश्न म्हणून तिलाही सुनावणीला बसवलं होतं. ती आईचा हात धरून पाय हलवत होती. मिहीरने दोन्ही दाढांचे आकडे सांगितले. कारखानिसांनी चष्मा काढला.

"म्हणजे एका तोंडातल्या दोन दाढा दोन गोष्टी सांगतात. कोणावर विश्वास ठेवायचा?"

"दोन्हींवर, साहेब," मी म्हटलं. "दोन वयांच्या दाढा आहेत. अगदी लहानपणी ती कुठेही असो, वाढली चुनबेटावर. संरक्षणाला एवढं पुरे."

"कुठेही असो कसं, वकीलबाई? कुठे, कुणाकडे, कशाला? तान्हं मूल आईपासून तोडून मोरूवर का ठेवतील? हेरांच्या घराण्यांतही मुलं अशी इकडे तिकडे वाढवतात असा अहवाल आहे. कारण सांगा."

"कारण सांगायचं बंधन कायद्यात नाही."

"मग दुसरा अर्थ असा की यंत्र चुकतं," ते शांतपणे म्हणाले. "आणि यंत्र चुकत असेल, तर आजवर त्याच्या भरवशावर ज्यांना संरक्षण दिलं, ती सगळी प्रकरणं मला पुन्हा उघडावी लागतील."

मिहीरने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. लहानपणापासून बघत आले आहे मी तो चेहरा. बाहेर छावणीत ज्यांच्या दाढा पांढऱ्या निघाल्या होत्या ती सगळी माणसं त्याच्या डोळ्यांपुढे उभी होती. आणि त्याचं मशीनही.

"यंत्र चुकत नाही," तो उभा राहून म्हणाला. "कारण मी सांगतो."

"हरकत आहे!" मी ओरडले.

"स्वतःच्याच साक्षीदाराला?" कारखानीस म्हणाले. "बोलू द्या त्यांना."

आणि मिहीर बोलला. चांगलं बोलला, हेच दुर्दैव. चुनबेटांवरच्या उथळ विहिरींत शेवाळाचं विष उतरतं, त्याने तान्ही मुलं दगावतात. म्हणून ज्यांची मुलं जगत नाहीत त्या आया पुढचं बाळ मोरूवरच्या बाईला देऊन टाकतात, त्याला कचऱ्याचं नाव ठेवतात, दात पडले की परत आणतात. मोरूवर झऱ्याचं पाणी, म्हणून ती मुलं जगतात. त्यांना वाटतं मरण फसलं. खरं तर पाणी बदललं. अडाणीपणा नाही साहेब, पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे हे. आमच्या वडिलांचंच नाव धोंडू.

जोरेमने यातल्या एका शब्दाचंही भाषांतर केलं नव्हतं. सेलुआला मिहीरचं एक अक्षरही कळत नव्हतं, ती फक्त त्याचे हलणारे ओठ बघत होती.

"भाषांतर करा," कारखानीस म्हणाले. "जिच्याबद्दल बोललं जातंय तिला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. हा तिचा हक्क आहे."

"साहेब, जमचें ना," जोरेम म्हणाला.

"शपथ घेतली आहेत तुम्ही. करा."

मी पुन्हा उठले, बरंच काही बोलले. हक्कापुढे माझं काही चालेना. न्याय म्हणून जे जे काही आम्ही शिकलो, ते सगळं त्या क्षणी त्या बाईच्या विरुद्ध उभं होतं. जोरेमने मान खाली घातली आणि भाषांतर केलं. सेलुआने ते शेवटपर्यंत ऐकलं. पेमोचे कान झाकायला तिने हात उचलले नाहीत. तिने पेमोच्या हातातून स्वतःचा हात सोडवून घेतला, उठली आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसली.

निकाल आमच्या बाजूने लागला. दोघींना संरक्षण. पुढे अक्कलदाढही तपासायचा नियम झाला आणि सेलुआसारखे आणखी काही जण त्यात वाचले. मिहीर संध्याकाळी मालवणी खाजं घेऊन छावणीत आला. छावणी आनंदात होती. सेलुआ मात्र पार दुसऱ्या टोकाला, कुंपणापाशी बसली होती, आणि पेमो तिच्याकडे पळत गेली की हातात खडा घेऊन तिला हाकलत होती. कुत्र्याला हाकलतात तशी. पोर रडून रडून दमली होती.

"ही काय करतेय?" मिहीर म्हणाला. "जिंकलो ना आपण?"

मला आठवलं: बोललं की आधी ती दिसते, मग तिचा हात धरून असेल ते. खाज्याचा पुडा त्याने कुणाला दिला नाही, तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी सेलुआने जोरेमकरवी दोन गोष्टी कळवल्या. एक, तिला परताव्याच्या जहाजात बसायचं आहे. दोन, पेमोला मी विकत घ्यावं.

मी तिच्याशी भांडले. वकिलीतलं सगळं कसब पणाला लावलं. तुला दुसऱ्या छावणीत पाठवते म्हटलं, गुजरातमध्ये, ओडिशात, पार दुसऱ्या टोकाला. ती म्हणाली, मध्ये समुद्र हवा. मरणाला जमीन ओलांडता येते. बरं, दुसऱ्या देशात पाठवायची खटपट करते, वर्षदोन वर्षं लागतील. म्हणाली, तोवर ते पेमोला बघेल. ही अंधश्रद्धा आहे, असं म्हणायला माझी जीभ वळवळली. पण सुपभर कोंड्याला विकल्या गेलेल्या माणसाची मी मुलगी, माझ्या तोंडून ते निघेना. शिवाय तिची पाच भावंडं तान्ही असतानाच गेली होती, हे जोरेमने मला सांगितलं होतं. तिच्या पुराव्यापुढे माझा युक्तिवाद काय टिकणार?

कायद्यात लिहिलंय, कुणालाही परत पाठवायचं नाही. कुणी आपण होऊन जायचं नाही, असं कुठे लिहिलंय? फक्त जाणारा स्वेच्छेने जातोय याची वकिलाने खात्री करायची असते. अधिकाऱ्याने माझ्यासमोर तिला विचारलं, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?" ती म्हणाली, "नाही." मरणाचा दबाव कायदा दबाव धरत नाही. मी सही केली. सही करताना मला भयंकर राग आला होता. राग कुणावर, ते मात्र आजही नीट सांगता येत नाही.

अप्पा स्वतः भातगिरणीवर जाऊन कोंडा घेऊन आले. मी म्हटलं, "अप्पा, तांदूळ देऊ या ना निदान." तर खेकसले, "तांदूळ कित्याक? मोल पडलेला व्हया!" त्यांनी सूप झटकून पुसून घेतलं आणि काठोकाठ कोंडा भरला.

विजयदुर्गाच्या धक्क्यावर भर दुपारी हा व्यवहार झाला. मी सूप सेलुआच्या ओच्यात रिकामं केलं. वाऱ्याने अर्धा कोंडा उडाला, तिच्या केसांत, पेमोच्या गालांवर बसला. तिने पेमोला माझ्याकडे ढकललं आणि तिच्या भाषेत काहीतरी दरडावून सांगितलं. पेमो माझ्याकडे वळली. मराठीतला तो एक शब्द तिला जोरेमने वाटेत शिकवला असावा.

"आई," ती मला म्हणाली.

सेलुआने ते ऐकलं. कान देऊन ऐकलं. मग ओच्यातला कोंडा घट्ट धरून शिडीवरून चढून गेली आणि एकदाही वळली नाही. जहाजाच्या भोंग्याबरोबर अप्पा रडायला लागले. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच.

जहाज मोरूला पोहोचलं एवढं कळलं. पुढचं काही नाही. निर्वासितांचा शोध घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला मी विचारत असते आणि शोध सुरू आहे असं उत्तर ते पाठवत असतात.

मिहीर घरी येतो, जेवतो, पेमोला गणित शिकवतो. दातांबद्दल बोलत नाही. एकदाच बोलला. परसातल्या विहिरीवर पेमो कळशीला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "ताई, हिची अक्कलदाढ आता घडायला लागली असेल. त्यात आपली विहीर असणार." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मी तिला वाचवायला गेलो होतो गं." मी म्हटलं, "माहीत आहे." खरंच माहीत आहे. त्याने काही भरून येत नाही.

पेमो आता मालवणी बोलते, आमच्याहून झणझणीत. परवा ती अप्पांच्या पायाशी बसून काजू सोलत होती. मी आत कागद चाळत होते. मध्येच तिने विचारलं,

"आज्या, तू तुझ्या खऱ्या आवशीक 'आये' म्हणान कदी हाक मारलंस?"

अप्पांनी आधी हातातला काजू सोलून संपवला. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

"ती गेली तेवा," ते म्हणाले. "तेका भायर काडली, तेवा कानाकडे तोंड नेलंय आनि म्हटलंय. मगे काय भियाचा?"

पेमोने काजू खाली ठेवला. ओटीवरून सड्यापलीकडचा समुद्र दिसतो, त्याच्याकडे ती बघत राहिली.

"म्हणजे मी आजून म्हणूचा नाय," ती म्हणाली, आणि तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.